दोन कार्बोरेटरांची बदनामी

ब्रिटन-अमेरिकेत जुन्या मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांचे जाडजूड कॅटलॉग चाळले, की एमजीबी या गाडीच्या विभागात एक संच हमखास दिसतो. कारखान्याने बसवलेले दोन एसयू कार्बोरेटर काढायचे आणि त्यांच्या जागी एकच वेबर बसवायचा, असा त्याचा मामला. सोबत नवा मॅनिफोल्ड, नवा एअर फिल्टर, नव्या केबली. फायदा काय, तर दोन कार्बोरेटरांचा मेळ घालत बसण्याची कटकट कायमची मिटते. संच वर्षानुवर्षे खपतो आहे आणि चांगल्या स्थितीतले एसयू खोक्यात भरून माळ्यावर जात आहेत.

हा सौदा बहुतेक वेळा आतबट्ट्याचा ठरतो. दोन कार्बोरेटरांचे इंजिन रोज बिघडते, ट्यूनिंग टिकत नाही, गाडी पेट्रोल पिते, सगळे मिस्त्रीच्या मर्जीवर, असे जे बोलले जाते त्यातले बरेचसे कार्बोरेटरच्या माथी नाहक मारलेले असते. खरा दोष असतो पॉइंटमध्ये, टॅपेटमध्ये, झिजलेल्या स्पिंडलमध्ये आणि सर्वांत जास्त म्हणजे क्रम सोडून स्क्रू फिरवणाऱ्या हातात. कार्बोरेटर बॉनेट उघडताच समोर दिसतो, त्याच्यावर फिरवता येण्याजोगे स्क्रू आहेत, म्हणून इंजिन अडखळले की स्क्रू ड्रायव्हर आधी तिथेच जातो. जुन्या गाड्यांच्या दुनियेत एक थट्टा प्रसिद्ध आहे: कार्बोरेटरचे बहुतेक बिघाड हे इग्निशनचे बिघाड असतात. थट्टा म्हणून सगळे हसतात आणि पुन्हा जेटच्या नटाला हात घालतात.

या जोडीची बाजू घ्यायची तर आधी ती आहे काय ते पाहायला हवे.

एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनी 1905 मध्ये या कार्बोरेटरचे पेटंट घेतले आणि पाच वर्षांनी भावासह कंपनी काढली. घराण्याचा मूळ धंदा बुटांचा. ‘लिली अँड स्किनर’ हे नाव लंडनमध्ये पादत्राणांसाठी ओळखले जाई. योगायोग म्हणा किंवा सवय, त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या ओढीने वरखाली होणारा भाग चामड्याच्या भात्याचा होता. धातूचा पिस्टन नंतर आला. 1926 मध्ये विल्यम मॉरिस यांनी ही कंपनी विकत घेतली आणि पुढची पन्नासेक वर्षे मॉरिस, एमजी, ऑस्टिन, जॅग्वार, शिवाय स्वीडनच्या व्होल्वोच्याही कित्येक इंजिनांवर एसयूचा तो घुमटासारखा डोक्याचा कार्बोरेटर दिसू लागला.

त्याची करामत अशी, की त्यात जेट एकच असतो. इतर बहुतेक कार्बोरेटरांत हवेच्या वाटेचे तोंड ठरलेल्या मापाचे असते. त्यामुळे इंजिन हळू फिरताना वेगळा जेट, जोरात फिरताना वेगळा, अचानक रेस दिली की पेट्रोलची पिचकारी मारायला वेगळा पंप, असा खटाटोप करावा लागतो. एसयूमध्ये हवेची वाटच लहान-मोठी होते. इंजिनाने जास्त हवा मागितली की घुमटातला पिस्टन वर उचलला जातो, त्याच्या बुडाशी बसवलेली निमुळती सुई जेटमधून वर सरकते, सुई आणि जेट यांच्यामधली फट वाढते आणि हवेच्या प्रमाणात पेट्रोल मिळते. जेटवरून जाणाऱ्या हवेचा वेग जवळजवळ कायम राहतो. पिस्टनच्या पोकळ दांड्यात थोडे पातळ ऑइल असते. रेस एकदम दिली तर ते पिस्टनला झटक्यात वर जाऊ देत नाही, तेवढ्या क्षणापुरते मिश्रण घट्ट होते आणि गाडी पिकअप घेते. हा सगळा हिशेब त्या एका सुईच्या निमुळतेपणात आहे. सुईची जाडी दर अष्टमांश इंचावर मोजतात, आणि वेगवेगळ्या इंजिनांसाठी अशा शेकडो सुया बनल्या.

मग एवढा शहाणा कार्बोरेटर एकच का पुरत नाही?

उत्तर सिलिंडर हेडमध्ये आहे. एमजीबीचे 1798 सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतले. या इंजिनाला सिलिंडर चार, पण हवा आत घेणारी तोंडे दोनच. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका तोंडातून श्वास घेतात, तिसरा आणि चौथा दुसऱ्या. एकच कार्बोरेटर मध्यभागी ठेवला तर मिश्रणाला दोन्हीकडे वळणे घेत जावे लागते, वाटेत पेट्रोलचे थेंब मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटतात. प्रत्येक तोंडासमोर एकेक कार्बोरेटर ठेवला की वाट सरळ आणि आखूड होते. दोघांमध्ये थोडी देवाणघेवाण व्हावी म्हणून मॅनिफोल्डमध्ये एक जोडनळीही असते. 1962 मध्ये ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी बाहेर पडली ती दीड इंची तोंडाचे दोन एचएस-4 कार्बोरेटर आणि सुमारे 95 अश्वशक्ती घेऊन. 1980 पर्यंत या कुळातल्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. रोज बिघडणारी यंत्रणा कोणी अठरा वर्षे बनवत बसत नाही.

या इंजिनाशी आपला संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. ॲम्बेसेडरचे 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन याच बी-मालिकेतले. 1955 मध्ये आलेली एमजीए ही देखणी दोन आसनी गाडीही नेमक्या 1489 सीसीच्याच इंजिनावर धावत होती. तिला दोन एसयू होते आणि ती 70 अश्वशक्तीच्या आसपास जात असे. आपल्या ॲम्बेसेडरला एकच कार्बोरेटर आणि बरीच कमी ताकद. फरक केवळ कार्बोरेटरचा नव्हता, कॉम्प्रेशन आणि कॅमशाफ्टचाही होता. तरीही मंत्रालयाच्या आवारात उभ्या राहणाऱ्या त्या पांढऱ्या गाड्यांच्या बॉनेटखाली एका स्पोर्ट्स कारचे सख्खे भावंड होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात आली.

आता बदनामीच्या मुळाकडे. दोन कार्बोरेटर लावले की जबाबदारी वाटली जाते, आणि ती सारखी वाटली गेली नाही की रडकथा सुरू होते. बैलजोडीत एक बैल जू ओढतो आणि दुसरा नुसता सोबत चालतो, तेव्हा तास वाकडे जाते आणि ओढणारा बैल आधी थकतो, तसेच इथे होते. एका कार्बोरेटरचे थ्रॉटल जरा जास्त उघडे राहिले की आयडलिंगला दोन सिलिंडर काम करतात आणि उरलेले दोन फरपटत येतात. इंजिन थरथरते, सिग्नलला बंद पडते, क्लच सोडताना गाडी हिसके देते. गंमत अशी, की थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, कारण तेव्हा दोन्ही वाटा मोकळ्याच असतात. म्हणून मोकळ्या रस्त्यावर सुसाट पळणारी गाडी शहरात शिरली की मालकाला रडवते. मालकाला वाटते ट्यूनिंग उतरले. वास्तविक ते कधी बसलेलेच नसते.

बसवायचे कसे, याचे उत्तर कारखान्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमात आहे. तो क्रम अवघड नाही, कंटाळवाणा आहे, आणि तिथेच घोडे पेंड खाते.

पहिला नियम असा, की सुरुवातीला कार्बोरेटरला हातच लावायचा नाही. टॅपेटची फट फीलर गेजने पाहायची. एमजीबीत ती एका इंचाचे 15 हजारांश, म्हणजे सुमारे 0.38 मिलिमीटर. पॉइंटची फटही जवळजवळ तेवढीच. प्लग साफ, त्यांची फट मापात, टायमिंग बरोबर, डिस्ट्रिब्युटरमधली वजने आणि स्प्रिंगा अडकलेल्या नाहीत, चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकसारखे. यातले एक जरी चुकले तरी पुढची सगळी मेहनत पाण्यात, कारण टॅपेट घट्ट असलेला सिलिंडर आणि लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, मिश्रण मिळणारा सिलिंडर कानाला सारखेच ऐकू येतात. तरीही गॅरेजमध्ये हा भाग सर्रास वगळला जातो. गिऱ्हाईक ‘कार्बोरेटर ट्यून करून द्या’ म्हणून आलेले असते आणि टॅपेटचे झाकण उघडलेले पाहिले की त्याला बिल वाढल्याचा संशय येतो. दोष सगळा मिस्त्रीचा नाही.

दुसरी तपासणी हवेची. मॅनिफोल्डचे पॅकिंग कुठे हवा घेते का, थ्रॉटलचा स्पिंडल आपल्या भोकात खुळखुळतो का? स्पिंडल आणि कार्बोरेटरचे शरीर एकमेकांवर वर्षानुवर्षे घासतात आणि फट पडते. त्या फटीतून आत जाणारी हवा कोणत्याही स्क्रूला जुमानत नाही. आयडलिंगच्या वेळी थ्रॉटल जेमतेम उघडे असते, त्यामुळे ही चोरटी हवा तेव्हाच सर्वांत जास्त छळते. बोटाने स्पिंडल हलवून पाहिला तरी कळते. इलाज एकच: नवा स्पिंडल, गरज पडल्यास नवे बुश. ट्यूनिंग टिकत नाही अशी तक्रार करणाऱ्या गाड्यांचे स्पिंडल कोणीतरी आधी हलवून पाहिले असते, तर वेबरचे संच बरेच कमी खपले असते.

यानंतर कार्बोरेटर. इंजिन नीट तापलेले हवे, एअर फिल्टर काढलेले हवेत, पिस्टनच्या दांड्यात ऑइल भरलेले हवे. कार्बोरेटरला त्यासाठीच दिलेल्या पिनेने पिस्टन उचलून सोडला की खाली पडताना धातूचा स्वच्छ ‘टक्’ आवाज आला पाहिजे. आला नाही तर सुई जेटला घासते आहे. जुन्या, घट्ट बसवलेल्या सुईच्या कार्बोरेटरांत मग जेट मध्यावर आणावा लागतो. नंतरच्या स्प्रिंगवाल्या सुयांनी ही भानगड संपवली.

मग सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी पायरी येते. दोन कार्बोरेटरांना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प ढिले करायचे. ते आवळलेले असताना एकाचा स्क्रू फिरवला की दुसराही हलतो आणि माणूस दिवसभर आपल्याच सावलीचा पाठलाग करत राहतो. क्लॅम्प ढिले केले की दोघे स्वतंत्र होतात. दोन्हींचे आयडलिंग स्क्रू पूर्ण मागे घेऊन, नुसते टेकवून, तिथून दीड-दीड फेरा आत. दोन्ही जेट जेवढे वर जातील तेवढे वर नेऊन तिथून दोन-दोन फेरे खाली. नट षटकोनी असल्याने फेऱ्याचा हिशेब बाजूंनी करतात, दोन फेरे म्हणजे बारा बाजू. इथून इंजिन चालू होते, आणि दोघांची सुरुवात एका रेषेवरून होते.

मेळ घालायचा तो हवेचा, आणि तो ऐकून घालता येतो. रबरी नळीचा एक तुकडा घ्यायचा, एक टोक कानाशी, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी. आत जाणाऱ्या हवेचा फुत्कार ऐकू येतो. दुसऱ्या कार्बोरेटरच्या तोंडाशी नळी त्याच जागी, त्याच कोनात धरायची. फुत्कार जास्त मोठा तिथे थ्रॉटल जास्त उघडे. स्क्रू थोडा मागे, दुसऱ्याचा थोडा पुढे, आणि दोन्ही आवाज सारखे होईपर्यंत हेच. ज्यांना कानाचा भरवसा नाही त्यांच्यासाठी युनिसिनसारखी साधने आहेत, ज्यात काचेच्या नळीतली छोटी गुटी हवेच्या ओढीने वर चढते. जर्मन बनावटीच्या सिंक्रोमीटरवर काटा थेट हवेचा प्रवाह दाखवतो. साधने चांगलीच आहेत. पण नळीने जे काम फुकटात होते त्यासाठी मीटर नाही म्हणून अडून बसणाऱ्यांनी निदान हे लक्षात घ्यावे, की कारखान्याच्या मॅन्युअलने कानावर भरवसा ठेवला होता.

हवा जुळली की मिश्रण. दोन्ही नट एकाच वेळी, एकेक बाजू, एकाच दिशेने. इंजिन जिथे सर्वांत जलद आणि सर्वांत सारखे फिरते ती जागा शोधायची. सायलेन्सरचा आवाजही सांगतो: मिश्रण लीन असेल तर मिसिंग अनियमित, पाणी उडाल्यासारखे, रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर ठेक्यात पडणारे मिसिंग आणि काळसर धूर. खात्री करायची ती पिस्टन पिनेने जेमतेम पाऊण मिलिमीटर उचलून. इंजिनाचा वेग क्षणभर किंचित वाढला आणि पुन्हा पहिल्यावर आला तर बरोबर. वाढतच राहिला तर रिच. पडला तर लीन. पाऊण मिलिमीटर म्हणजे पाऊणच, कारण जास्त उचलला तर नीट बसवलेले इंजिनही गडगडते आणि माणूस भलत्याच दिशेने नट फिरवू लागतो. ब्रिटनमध्ये काचेची खिडकी असलेला एक प्लगही मिळतो. तो सिलिंडरवर लावला की आतली ज्वाळा दिसते. निळी म्हणजे योग्य, नारिंगी म्हणजे रिच. सिलिंडरच्या आत डोकावण्याचा मोह आवरत नाही, हे मान्य करायला हवे.

मिश्रण बदलले की आयडलिंग बदलते, म्हणून पुन्हा नळी, पुन्हा स्क्रू. हे दोन-तीनदा झाले की मगच मधला दांडा आवळायचा, आणि तोही असा की रेस देताच दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडतील. ही पायरी नीट केली नाही तर आयडलिंगला जुळलेली जोडी पहिल्या इंचभर पॅडलला फुटते. क्लॅम्प आवळण्याची गोष्ट एवढी बारीक आहे, की अनुभवी माणसेही इथे घाई करतात.

एवढे सगळे सव्वा-दीड तासाचे काम आहे, तेही गरम इंजिनावर हात भाजून घेत. त्याबदल्यात स्पिंडल ठीक असेल तर मेळ दीर्घकाळ टिकतो. एसयूमध्ये आपोआप सैल होण्यासारखे फारसे काही नाही.

विरोधी पक्षाची बाजूही ऐकायला हवी. एका वेबरचे फायदे खरे आहेत. मेळ घालण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि रोज कामावर नेण्याच्या गाडीला हे सोयीचे आहे. पण एसयूच्या एका सुईला कंटाळून गेलेला माणूस वेबरकडे जातो तेव्हा त्याच्या हाती मेन जेट, आयडल जेट, एअर करेक्टर आणि इमल्शन ट्यूब असा सगळा डबा येतो. संचातली मांडणी त्याच्या इंजिनाला जुळली तर ठीक. नाही जुळली तर आधी ज्या झिजलेल्या डिस्ट्रिब्युटरमुळे एसयूला शिव्या बसत होत्या त्याच डिस्ट्रिब्युटरमुळे आता वेबरला बसतात. आणि एक कार्बोरेटर म्हणजे प्रगती असा समज असेल तर इतिहास वेगळा आहे. अमेरिकेसाठी बनणाऱ्या एमजीबीवर 1975 पासून एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग आला तो धुराच्या नियमांपायी, आणि गाडीची ताकद ढासळली. तिकडचे कित्येक मालक आजही तो काढून दोन एसयू परत बसवतात.

वेबरच्या नावाने नाक मुरडण्याचेही कारण नाही. इटलीत हाच मेळाचा प्रश्न दुप्पट होऊन येतो. 1963 च्या अल्फा रोमिओ जुलिया स्प्रिंट जीटीवर दोन तोंडांचे दोन वेबर, म्हणजे चार सिलिंडरांना चार स्वतंत्र वाटा. त्यांचा मेळ घालायला एसयूपेक्षा जास्त वेळ लागतो, पण ती गाडी नीट जुळली की जे ऐकू येते त्यासाठी लोक दुसरी मोटार विकतात. मूळ आराखडा जो होता तो समजून घ्यावा, एवढेच म्हणणे आहे.

समजून घेण्याने काय होते याचे एक उदाहरण मोटारीबाहेरचे आहे. 1940 मध्ये ब्रिटिश स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनांवर एसयू कंपनीचेच कार्बोरेटर होते. मोटारीतल्यासारखे घुमटवाले नव्हेत, फ्लोटचे मोठे कार्बोरेटर. जर्मन मेसरश्मिटमध्ये थेट इंधन इंजेक्शन होते. जर्मन वैमानिक नाक खाली घालून सूर मारत. पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश वैमानिकाने तसेच केले की कार्बोरेटरमधले पेट्रोल वर उसळे, इंजिन आधी उपाशी राही आणि मग पेट्रोलने गुदमरे. संपूर्ण यंत्रणा बदलायला वेळ नव्हता. फार्नबरोच्या संशोधन केंद्रातल्या अभियंत्या बिआट्रिस शिलिंग यांनी हिशेब केला की इंजिनाला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागते, आणि तेवढेच जाऊ देणारे भोक असलेला पितळी तुकडा इंधनाच्या वाटेत बसवला. 1941 मध्ये त्या आपल्या छोट्या तुकडीसह विमानतळाविमानतळावर फिरून तो बसवत होत्या. शिलिंग मोटरसायकलच्या शर्यतीही खेळत आणि ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी 100 मैलांहून जास्त वेगाचा फेरा त्यांच्या नावावर होता. अशा बाईने इंजिन कधी चुकून ऐकले असेल असे वाटत नाही.

आपल्याकडे या सगळ्याचा आज काय संबंध? संबंध पेट्रोल पंपावर आहे. भारतातल्या पेट्रोलमध्ये 2022 मध्ये सरासरी 10 टक्के इथेनॉल झाले आणि 2025 मध्ये प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचले. महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे आणि उसाच्या अर्थकारणाला त्याचा आधारही आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, इथेनॉलला जेमतेम 9. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमधला सेन्सर हे ओळखतो आणि इंधन वाढवतो. कार्बोरेटरला सेन्सर नाही. साठ सालच्या पेट्रोलसाठी बसवलेला जेट आजच्या पेट्रोलवर लीन चालतो: इंजिन तापते, आयडलिंग डगमगते, रेस दिली की अडखळते. मालक म्हणतो, दोन कार्बोरेटर, दुसरे काय होणार!

इथे एसयूची साधी रचना कामी येते. नट एक-दोन बाजू खाली घेतला की आयडलिंग सुधारते. मात्र जेट खाली घेण्याचा परिणाम आयडलिंगला जास्त आणि मोठ्या वेगाला कमी असतो, कारण सुई तिथे आधीच बारीक झालेली असते. म्हणून महामार्गावरही मिश्रण जुळायचे तर थोडी अधिक निमुळती सुई शोधावी लागते, आणि ती मिळते. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीची बर्लेन ही कंपनी एसयूचे सुटे भाग आणि नवे कार्बोरेटर आजही बनवते. जुने रबरी पाइप आणि बुचाची पॅकिंग मात्र इथेनॉलपुढे टिकत नाहीत. पेट्रोल गळून आग लागण्याआधी ती बदललेली बरी. ब्रिटनलाही 2021 पासून 10 टक्क्यांचे पेट्रोल आले, तेव्हा तिथल्या क्लबांनी आपापल्या सभासदांना हेच सांगितले.

आपल्याकडे हे सांगणारी माणसे मात्र झपाट्याने कमी होत आहेत. मोटारींतला कार्बोरेटर शतकाच्या वळणावर गेला. 1 एप्रिल 2020 ला बीएस-6 नियम आले आणि नव्या दुचाकींतही जवळजवळ सगळीकडे इंजेक्शन आले. आज विशीतला मुलगा आयटीआयमधून बाहेर पडतो तेव्हा त्याला स्कॅनर लावता येतो, आणि तेच बरोबर आहे, पोट त्यावर भरते. पण ज्यांनी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने बनवलेल्या राजदूत 350 वर हात बसवला ते मिस्त्री आता साठीच्या पुढे आहेत. यामाहाच्या आरडी 350 ची ती भारतीय आवृत्ती दोन सिलिंडरांची, दोन मिकुनी कार्बोरेटरांची. तिथे मेळ केबलींचा: हँडलवरून निघालेली एक केबल पुढे फुटते आणि दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या गेल्या पाहिजेत. पुण्या-मुंबईत या मोटरसायकलीवर जीव टाकणारे तरुण आहेत, केबल जुळवणारे म्हातारे थोडे.

कायद्याने तर मूळ इंजिन जपण्याचे कारणच दिले आहे. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये वेगळी नोंदणी आणली. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, मुदत दहा वर्षे. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. वर्षातून मोजकेच दिवस निघणाऱ्या गाडीसाठी रोजच्या सोयीचा युक्तिवाद मग कशाला हवा? दोन एसयू काढून एक वेबर बसवणारा मालक सोय विकत घेतो आणि गाडीची ओळख विकून टाकतो.

मुंबई-पुण्यात दरवर्षी जुन्या गाड्यांच्या रॅली होतात, फुगे बांधले जातात, चषक वाटले जातात. त्या चषकांतला एक, इंजिनाचा आवाज ऐकून द्यावा. रॅलीच्या आदल्या दिवशी क्लबने एका आयटीआयच्या आवारात चार-पाच गाड्या उभ्या कराव्यात, साठीच्या मिस्त्रींना रीतसर मानधन द्यावे, वीस मुलांच्या हातात रबरी नळीचे वीस तुकडे द्यावेत आणि टॅपेटचे झाकण उघडण्यापासून सुरुवात करावी. सगळे चित्रित करून मराठीत ठेवावे. खर्च रॅलीच्या मंडपापेक्षा कमी येईल.